गाळातले तीन

पहिल्या काचेवर तिने वीस फील्ड, म्हणजे सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारी वीस वर्तुळं, पाहिली. एकही नव्हता. दुसऱ्या काचेवर आणखी वीस. थोड्या गोल पेशी होत्या, दोन-चार स्फटिक होते, हवेचा एक बुडबुडा होता आणि कापसाचा एक तंतू होता. शुक्रजंतू एकही नाही. मग तिने नळी सेंट्रिफ्यूजमध्ये पंधरा मिनिटं फिरवली, वरचं पाणी काढून टाकलं आणि तळाशी बसलेल्या गाळातला थेंब तिसऱ्या काचेवर घेतला. सातव्या फील्डमध्ये एक सापडला. एकोणिसाव्यात दुसरा. दोन्ही निपचित. एकतिसाव्यात तिसरा, आणि त्याची शेपटी हलत होती. तो कुठे जात नव्हता, जागच्या जागी वळवळत होता, पण हलत होता. तिने डाव्या हातातल्या मोजणीच्या यंत्राचं बटण तिसऱ्यांदा दाबलं. टक् असा आवाज झाला आणि त्या आवाजाबरोबर, कुणी पाठीमागून येऊन खांद्यावर बोट ठेवावं तसं, तिला आठवलं की आज नववा दिवस आहे.

आठवलं म्हणणं तसं खोटंच. ती विसरली कुठे होती? पहिला दिवस गेला तेव्हा तिने स्वतःला सांगितलं, होतं असं. तिसऱ्या दिवशी सांगितलं, जागरणं झालीत. पाचव्या दिवसापासून सांगणंच बंद केलं. रोज सात-आठ बायकांचं रक्त ती त्या मशीनमध्ये घालायची आणि गर्भ आहे की नाही याचा आकडा कागदावर उतरवायची, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र अडाण्यासारखी दिवस ढकलत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मोजलं नाही तोवर आकडा नाही, आणि आकडा नाही तोवर काही झालेलं नाही, असला हिशेब तिच्या हाताखाली शिकायला आलेल्या कुणी केला असता तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. काचेवरचा तिसरा अजून हलत होता. उजेड त्याच्या डोक्याच्या कडेला लागून थरथरत होता.

हा नमुना नसबंदी झालेल्या माणसाचा होता. ऑपरेशनला साडेतीन महिने झाले होते, आणि आता मोकळीक आहे असा कागद घ्यायला तो आज बायकोला घेऊन आला होता. अशा नमुन्याचा नियम मोठ्या बाईंनी घालून दिलेला. मोठ्या बाई म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख. एकतीस वर्षं काचेवर डोळा लावून त्यांची एक भुवई दुसरीपेक्षा वर राहिली होती, त्यामुळे त्या नेहमी कशावर तरी अविश्वास दाखवताहेत असं वाटायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "शून्य हा आकडा आपल्या हातात नाही. आपण लिहायचं, दिसले नाहीत. तुला दिसले नाहीत, एवढंच तुला माहीत आहे. आणि गाळ बघितल्याशिवाय तेवढंही लिहायचं नाही. आणि एका नमुन्यावर तर मुळीच नाही. पुन्हा आणायला लावायचा." तेव्हा ती नवी होती, पदवीचा कागद अजून कडक होता, आणि तिला ही बाई उगाच कीस काढणारी वाटली होती.

खिडकीपाशी तो माणूस हात चोळत उभा होता. बसचा ड्रायव्हर, अंगात कामावरचाच शर्ट. त्याची बायको बाकावर, मांडीवर पिशवी धरून. तिने आतून येऊन त्या दोघांना सांगितलं की काही दिसले आहेत, चार आठवड्यांनी पुन्हा नमुना आणा, आणि तोवर आधीसारखीच काळजी घ्या.

"काही म्हणजे किती?" ड्रायव्हर म्हणाला.

"तीन."

तो मोकळा हसला. "तीन! अहो मॅडम, आधी कोटी असतात म्हणे. कोटीतून तीन उरले. त्या तिघांनी काय करायचं, पत्ते खेळायचे?"

तिलाही हसू आलं असतं. पण बाकावरची बायको पिशवी न सोडता म्हणाली, "तीन कशाला लागतात? आपली दोन्ही एकेकानेच झालीत."

ड्रायव्हरचं हसणं वाटेतच थांबलं. तो कागद घेऊन घडी घालू लागला. बायकोने त्याच्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं. आणि त्या नजरेत तक्रार नव्हती, ओळख होती. जणू दोघी एकाच रांगेत उभ्या आहेत आणि पुढची मागचीला म्हणतेय, तुझाही नंबर येईल.

ती परत येऊन स्टुलावर बसली. पर्समध्ये फिटवरची सकाळची गोळी होती. तिने ती घेतली नव्हती. गेल्या नऊ वर्षांत चुकवलेली ही पहिली गोळी. सकाळी पाण्याचा पेला हातात होता, गोळी जिभेपर्यंत गेली होती, आणि तिने ती परत काढून कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली होती. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

फिट पहिल्यांदा आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडत होती, रंग बदलायची वाट पाहत. मग एकदम फरशी. गालाला गार फरशी, तोंडात रक्ताची खारट चव, वर वर्तुळात चेहरे आणि कुणीतरी म्हणतंय, बाजूला व्हा, हवा येऊ द्या. मधला वेळ नव्हताच. ज्यांना तिचं ते रूप दिसलं त्यांना ते कायमचं दिसलं, आणि तिला स्वतःला मात्र कधीच दिसणार नव्हतं, याची तिला लाज वाटली होती. पुढे दोन वर्षांत अकरा फिट. चार औषधं बदलून पाहिली. पाचव्या गोळीने त्या थांबल्या त्या थांबल्याच. सकाळी एक, संध्याकाळी एक. त्या गोळीवर तिने पदवी घेतली, नोकरी मिळवली, एकटीने रस्ता ओलांडायला शिकली. आई म्हणायची, "लग्न ठरताना बोलायची काही गरज नाही. गोळी घेतेस, फिट येत नाही, म्हणजे फिट नाही." पण तिने त्याला दुसऱ्याच भेटीत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. मी घोरतो. तेही सांगून ठेवतो." त्या एका वाक्यावर तिने त्याच्याशी लग्न केलं.

लग्नाआधी मेंदूच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं होतं. डॉक्टर शांत आवाजात, टेबलावरचा पेन सरळ करत बोलले होते. या गोळीवर असताना दिवस जाता कामा नयेत. गेले तर दहातल्या एका बाळाच्या अंगात मोठा दोष राहतो, बहुतेक पाठीच्या कण्यात नाहीतर हृदयात. आणि दहातली तीन-चार बोलायला, शिकायला मागे पडतात. मूल हवं असेल तेव्हा सहा महिने आधी या, गोळी हळूहळू बदलू, जीवनसत्त्वाची वेगळी गोळी आधीपासून सुरू करू. तोवर खात्रीचा उपाय करा. उपायांचा एक कागद त्यांनी दिला होता. 'बाहेर थांबणं' या ओळीपुढे लिहिलं होतं की नेहमीच्या वापरात वर्षभरात शंभरातल्या सुमारे वीस जणींना दिवस जातात. तिने तो कागद जपून ठेवला होता. अजून होता, कपाटात, लग्नाच्या फोटोंच्या खाली.

पहिलं वर्षभर कंडोम होते. मग त्याला त्याचा कंटाळा आला. तो काही दांडगाई करणारा माणूस नव्हता, कधी आवाज चढवला नाही, कधी रुसला नाही. नुसतं म्हणाला, "मी थांबतो ना वेळेवर. थांबवणं हाच माझा धंदा आहे." तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या त्या काळ्या विहिरीत दिवसभर लोंबकळून ब्रेक तपासायचा. लिफ्ट मजल्याच्या पातळीला थांबली पाहिजे, नखभर खाली नको, नखभर वर नको, माणसाचा पाय अडखळता कामा नये, हे सांगताना त्याचे डोळे चमकायचे. त्याच्या हातावर ग्रीसचा वास कायम असायचा, साबणाने न जाणारा, आणि तिला तो आवडायचा. पण ती विज्ञान शिकलेली होती. थांबण्याच्या आधी जो थेंब येतो, चिकट, पारदर्शक, माणसाच्या नकळत येणारा, त्याचं काय? तो थांबवून थांबत नाही, त्याला ब्रेक नाही. त्यात काही असतं का? पुस्तकात उत्तर धड नव्हतं. काही पुरुषांच्या थेंबात असतात, काहींच्या नसतात. मग तिने ठरवलं की आपणच बघू.

त्या गोष्टीला आता दीड वर्ष होईल. तो थेंब तिने काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली, आणि जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवून सकाळी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत आली. तो हसून हसून पलंगावरून पडायचा बाकी होता. "अगं, निदान चमच्यांपासून लांब ठेव!" इथे येईपर्यंत पाऊण तास गेला. कडा वाळल्या होत्या. तिने सलाइनचा एक थेंब सोडला आणि वीस फील्ड पाहिली. काही नव्हतं. तिचा स्वतःचा श्वास भिंगावर धुरकटत होता आणि छाती धडधडत होती, परीक्षेत पेपर सोपा निघावा तशी. तिने फोन लावला आणि एकच शब्द उच्चारला, "शून्य."

तिकडून तो ओरडला होता, "घ्या! सरकारमान्य!" त्या दिवसापासून तो तिला तपासनीस म्हणू लागला, आणि ते शून्य त्याचं प्रमाणपत्र झालं. कधी तिला शंका आली की तो गंभीर चेहरा करून म्हणायचा, "बाई, लॅबचा रिपोर्ट आहे आमच्याकडे." आणि ती हसायची. ड्रॉवरमधल्या पाकिटात उरलेल्या दोन कंडोमची मुदत संपून गेली. एक माणूस, एक दिवस, एक थेंब, वाळलेला, न फिरवलेला. बाहेरून आलेल्या असल्या नमुन्यावर तिने 'तपासणीस अयोग्य' असा शिक्का मारून तो परत पाठवला असता. अठरा महिने काही झालं नाही, आणि प्रत्येक महिन्यागणिक ते शून्य अधिक खरं होत गेलं. अठरा वेळा पाळी आली हा पुरावा नव्हता, नशीब होतं, हे तिला आता स्टुलावर बसल्या बसल्या इतकं स्वच्छ दिसत होतं की डोळे दुखू लागले.

तेवीस दिवसांपूर्वीचा रविवार. दुपार. पडद्यातून येणारा पिवळा उजेड, खालच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर. पहिल्या वेळी तो नेहमीसारखा वेळेवर थांबला, बाहेर. मग दोघं झोपले नाहीत, बोलत राहिले. त्याच्या कामावरच्या मुकादमाची नक्कल करून त्याने तिला हसवलं. अर्ध्या तासाने पुन्हा. मध्ये तो उठला नव्हता, लघवीला गेला नव्हता. तिला ते त्याच क्षणी जाणवलं होतं का? तिला वाटतं, जाणवलं होतं. आधीचे काही मार्गात उरलेले असतात, पुढच्या थेंबाबरोबर येतात, हे ती परीक्षेत लिहून आली होती. पण हसण्याची ऊब अंगात होती, त्याच्या मानेचा घाम ओठाला लागत होता, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला एक लहानसा आवाज शांतपणे म्हणत होता, शून्य. दुसऱ्या वेळीही तो थांबला. अगदी वेळेवर. मजल्याच्या पातळीला.

फोन वाजला. तोच होता. त्याच्या आवाजाला विहिरीतला घुमारा होता.

"काय तपासनीस, जेवण झालं?"

"नाही अजून. ऐक ना. तो रविवार आठवतो? मुकादमाची नक्कल केलीस तो."

"आठवतो म्हणजे? चांगलाच आठवतो." तो हसला, आणि मग त्याला तिचा आवाज पोचला असावा. "का गं?"

"नऊ दिवस झाले."

वरून कुठून तरी साखळी खडखडल्याचा आवाज आला. कुणीतरी त्याला हाक मारली, तो म्हणाला, थांब रे. मग अगदी हळू, "पण मी थांबलो होतो. दोन्ही वेळा. थांबलो होतो ना?"

"हो. बरोबर थांबलास."

"मग? आणि तुझं ते शून्य?"

तिने डोळे मिटले. "मी गाळ बघितला नव्हता."

"कसला गाळ?"

तो विचारत राहिला, कसला गाळ, अगं बोल तरी, आणि त्या विहिरीत त्याचाच आवाज वर जाऊन पुन्हा त्याच्यावर पडत होता. "संध्याकाळी बोलू," म्हणून तिने फोन ठेवला. त्याचं काही चुकलं नव्हतं, ही गोष्ट सगळ्यात जड होती. चुकलं असतं तर चिडता आलं असतं.

हात धुवायच्या बेसिनपाशी ती उभी राहिली आणि पर्समधून कागदाची पुडी काढली. गोळी पांढरी, लांबट, मधे एक खाच. त्या रविवारच्या संध्याकाळपासून काल संध्याकाळपर्यंत पंचेचाळीस गोळ्या पोटात गेल्या होत्या. पाठीच्या कण्याची जी नळी बनते ती गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते. आज तेविसावा. म्हणजे आत काही असेल तर ते आत्ता, या क्षणी, ती नळाखाली हात धरून उभी असताना, मिटत होतं. कडेला कड लागत होती किंवा लागत नव्हती. वाळूच्या कणाएवढं काहीतरी, तिच्या गोळीत भिजलेलं. गोळी घ्यावी तर त्याला. न घ्यावी तर फरशी, खारट चव, वरचे चेहरे. आणि फिटमध्ये श्वास कोंडला तर तेही त्यालाच. नळ वाहत राहिला. तिच्या मनात एक विचित्र गोष्ट आली की आपण जर ते असतो, ते आत असलेलं, तर आपल्याला कुणी विचारलं असतं का. मग हाही विचार किती खोटा, किती सोयीचा, असं वाटून तिने नळ बंद केला.

"पाणी फुकट आहे का?" मागून मोठ्या बाई म्हणाल्या. मग त्यांची वरची भुवई आणखी वर गेली. तिच्या फिटबद्दल त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी तिच्या तळहातावरची गोळी पाहिली, तिचा चेहरा पाहिला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"ही सकाळची?"

"हो."

"किती दिवस गेलेत वर?"

तिला नवल वाटलं नाही. एकतीस वर्षं. "नऊ."

"आणि गोळी बंद करायला कुणी सांगितलं? कोण डॉक्टर?"

"कुणी नाही."

"म्हणजे तूच. तूच तपासणार, तूच रिपोर्ट लिहिणार, तूच उपाय करणार. दुकान छान चाललंय तुझं." बाईंनी पेला भरून तिच्या हातात दिला. "आधी गिळ. एकदम बंद करून पडलीस तर एकटी पडणार नाहीस. बदलायची का, कशी बदलायची, ते आज तुझे डॉक्टर ठरवतील. मी फोन करते त्यांना. गिळ म्हणते ना."

तिने गोळी गिळली. ती घशात अडकली, मग गेली. शेहेचाळीस.

"आता बस. हात दे."

बाईंनी स्वतः रबरी पट्टा बांधला. त्यांची बोटं थंड होती आणि शीर शोधताना त्या नेहमीप्रमाणे पुटपुटत होत्या, ये गं बाई, वर ये. सुई गेली तेव्हा दुखलं नाही. नळीत रक्त चढताना तिने पाहिलं, रोज पाहते तसंच, गडद, कुणाचंही असावं असं.

"बाई," ती म्हणाली, "मी एकदा त्याचा नमुना पाहिला होता. इथेच. शून्य आलं होतं."

बाईंनी कापूस दाबला. दाबता दाबताच त्या म्हणाल्या, "आलं नव्हतं. तू लिहिलं होतंस." आणि त्याहून हळू, "हात दुमडून ठेव."

नळीवर क्रमांक घालताना नावाच्या जागी त्यांनी काही लिहिलं नाही. रक्त गोठायला वीस मिनिटं, फिरवायला दहा, मशीनला अठरा. त्या वेळात तिने ड्रायव्हरचा रिपोर्ट टाइप केला. गाळात तुरळक शुक्रजंतू दिसले: तीन, पैकी एक हालचाल करणारा. नमुना पुन्हा तपासावा. तिने वाक्य दोनदा वाचलं. काउंटरवरचा मुलगा येऊन म्हणाला की ते जोडपं अजून खाली फाटकापाशीच उभं आहे, भांडत नाहीत, नुसते उभे आहेत. तिने खिडकीतून पाहिलं. ड्रायव्हरने पिशवी घेतली होती. बायको रस्त्याच्या पलीकडे बघत होती. मग दोघं चालू लागले, मधे एका माणसाचं अंतर ठेवून.

फोन टेबलावर तीनदा उजळला. "मी निघालो", मग "येतोय", मग नुसतं "बोल ना". मशीनच्या आत हात सरकल्याचा आवाज आला, सुई वर गेली, खाली आली, धुतली गेली. मोठ्या बाई पलीकडच्या खोलीत डॉक्टरांशी बोलत होत्या; शब्द ऐकू येत नव्हते, फक्त मधेच थांबणं ऐकू येत होतं. तिने हात सरळ केला. कोपराच्या खळीत रक्ताचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होता. छापणारं यंत्र कुरकुरलं आणि कागद बाहेर आला.

नमुना क्रमांक ६३. बीटा एचसीजी. गर्भ नसल्यास ५ पेक्षा कमी. मोजलेला आकडा २१४०. बाईंच्या नियमाप्रमाणे तिने तोच नमुना पुन्हा मशीनला लावला. अठरा मिनिटांनी दुसरा कागद आला. २१३६.